यंत्राची साक्ष आणि माणसाची शपथ



गुरुजनांच्या स्मरणार्थ होणाऱ्या व्याख्यानात पोलीस-तपासाचा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे उत्तर सांवेरपासून फार दूर नाही. येथून तासाभराच्या वाटेवरील इंदूरमध्ये जुलै २०१३ मध्ये एक प्रकरण उघडकीस आले आणि त्याचा थेट संबंध शाळेशी, म्हणजे परीक्षेशी होता. ७ जुलै २०१३ रोजी मध्यप्रदेश व्यावसायिक परीक्षा मंडळाची वैद्यकीय प्रवेश परीक्षा व्हायची होती. दुसऱ्याच्या नावाने परीक्षेस बसण्यासाठी आलेल्या वीस जणांना इंदूर पोलिसांनी त्याच सुमारास पकडले. राजेंद्रनगर पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. ‘व्यापम’ या नावाने पुढे देशभर गाजलेल्या प्रकरणाला तेथून मोठे वळण मिळाले.

या प्रकरणाची राजकीय बाजू आपण पुष्कळ ऐकलेली आहे, ती येथे उगाळण्याचा माझा हेतू नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याला त्यातील एक वस्तू अधिक महत्त्वाची वाटते. ती म्हणजे मंडळाच्या प्रमुख प्रणाली-विश्लेषकाकडून इंदूर पोलिसांनी जप्त केलेली संगणकाची हार्ड डिस्क. तळहातावर मावणाऱ्या या धातूच्या डबीवर शेकडो मुलांचे भवितव्य अवलंबून होते. हीच डबी मुळात होती तशी राहिली आहे काय, याविषयी पुढे देशाने चार वर्षे वाद घातला. यंत्रात साठवलेला मजकूर पुरावा केव्हा ठरतो आणि कोणाच्या भरवशावर ठरतो, हा माझ्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

१

प्रश्न नवा वाटला तरी त्याचे मूळ जुने आहे. होळकरशाहीच्या या मुलखात मोडी कागद वाचणारी माणसे अजून भेटतात. त्यांना ठाऊक आहे की जुन्या पत्राच्या शेवटी लेखनसीमा दर्शवून मोर्तब केली जात असे. येथे मजकूर संपला, याच्या पुढे कोणी अक्षर वाढविले तर ते पत्रलेखकाचे नव्हे, असा त्या शिक्क्याचा अर्थ होता. लांब कागदाचे बंद एकमेकांना चिकटवून मजकूर लिहिला, तर महत्त्वाच्या कागदांत सांध्याच्या पाठीवरही शिक्का उमटवीत. मधला एखादा बंद काढून दुसरा घातला की शिक्क्याचे दोन तुकडे जुळत नसत. मजकूर खरा की खोटा, हे शिक्का सांगत नसे. लिहिला गेला तेव्हा जसा होता तसाच तो आहे, एवढेच तो सांगे. पुराव्याच्या शास्त्रातील हा भेद आपल्या कारकुनांना शतकांपूर्वी उमगला होता.

इंग्रजी अमदानीत १८७२ चा पुराव्याचा कायदा आला. मूळ दस्तऐवज न्यायालयापुढे ठेवावा, ते शक्य नसेल तर विशिष्ट अटींवर प्रत चालेल, हे त्याचे सूत्र होते. कागदाला ‘मूळ’ असते, म्हणून कागदाच्या जगात हे सूत्र नीट चालले. यंत्राने आवाज पकडून ठेवण्यास सुरुवात केली तेव्हा पहिली अडचण उभी राहिली, आणि तिची उकल बहुतांशी मुंबईतल्या खटल्यांनी केली, हे मराठी माणसाने ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

१९६० च्या सुमारास मुंबई महापालिकेतील एका कारकुनाला लाच देऊ केल्याचे प्रकरण घडले. कारकुनाने पोलिसांना वर्दी दिली. एका खोलीत ध्वनिग्राहक दडविला, दुसऱ्या खोलीत टेपरेकॉर्डर घेऊन पोलीस बसले आणि संभाषण टेपवर आले. खटला ‘युसुफअल्ली इस्माईल नागरी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात पोहोचला व १९६७ साली त्याचा निकाल लागला. घटनेच्या वेळीच केलेले ध्वनिमुद्रण हे छायाचित्रासारखे आहे, ते पुराव्यात घेता येते, असे न्यायालयाने मानले. तथापि त्याच निकालात एका उणिवेवर बोट ठेवलेले आहे. टेप मोहोरबंद केलेली नव्हती, ती तपास-अधिकाऱ्याच्याच ताब्यात राहिली होती. अशा टेपेत फेरफार झाला असेल, या शंकेला त्यामुळे जागा राहते, हे न्यायालयाने नमूद केले. फेरफाराचा आरोप त्या खटल्यात झालेला नसल्याने पुरावा टिकला. पण पोलिसांना मिळालेला धडा स्पष्ट होता. यंत्र अचूक असले तरी पुरेसे नाही, लाखेची मोहोर हवी.

पाच वर्षांनी, १९७२ मध्ये, ‘मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्याचा निकाल लागला. आरोपी हे मुंबईचे कॉरोनर होते, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारे अधिकारी. लाचेसंबंधीचे त्यांचे दूरध्वनीवरील संभाषण पोलिसांनी १९६४ साली टेपवर घेतले होते. न्यायालयाने त्या निमित्ताने ज्या कसोट्या मांडल्या, त्यांवर पुढची अनेक वर्षे काम चालले: संभाषण प्रकरणाशी संबंधित असावे, आवाज कोणाचा ते ओळखता यावे, आणि टेपेतील मजकूर पुसला वा बदलला गेल्याची शक्यता उरलेली नसावी. या तिन्ही कसोट्यांचा निवाडा अखेर माणसाच्या जबानीनेच व्हायचा होता. आवाज ओळखणारा माणूस, यंत्र चालविणारा माणूस आणि टेप सांभाळणारा माणूस, असे तिघेही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिल्यावाचून टेपेला तोंड फुटत नव्हते.

२

टेपेपर्यंत निदान हातात धरण्याजोगी मूळ वस्तू होती. संगणकाने ‘मूळ’ या कल्पनेचाच पाया हलविला. संगणकातील फाईलची नक्कल मुळाहून तसूभरही वेगळी नसते. शिवाय फाईल नुसती उघडली तरी ती शेवटची केव्हा पाहिली गेली याची नोंद बदलू शकते, आणि संगणक केवळ चालू केला तरी तो आपल्या पोटातल्या अनेक नोंदी स्वतःच लिहितो-पुसतो. कागद वाचल्याने झिजत नाही, ही आपली पिढीजात समजूत येथे लागू पडत नाही. दुसरी गोष्ट याच्या अगदी उलट आहे. फाईल पुसली असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा अनुक्रमणिकेतील नोंद तेवढी जाते. मजकूर त्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत शिल्लक राहू शकतो. म्हणून पुसलेले परत मिळते आणि न पुसलेले नकळत बिघडते. अशा वस्तूचा पंचनामा करावयाचा, म्हणजे पोलिसाने जुन्या सवयी बाजूला ठेवणे आले.

१७ ऑक्टोबर २००० रोजी माहिती तंत्रज्ञान कायदा अंमलात आला आणि त्याने जुन्या पुराव्याच्या कायद्यात ६५-अ व ६५-ब ही कलमे घातली. संगणकातील नोंदीची छापील वा तबकडीवरील प्रत पुरावा म्हणून चालेल, पण तिच्यासोबत प्रमाणपत्र हवे, असे ६५-ब मध्ये म्हटले होते. नोंद कोणती, ती कोणत्या यंत्रातून, कशी काढली, हे त्या यंत्राची जबाबदारी असलेल्या माणसाने सही करून सांगावयाचे. या नव्या गुन्ह्यांचा तपास आरंभी पोलीस उपअधीक्षकाच्या दर्जाखालील अधिकाऱ्याकडे नव्हता. २००८ च्या दुरुस्तीने, जी २००९ मध्ये लागू झाली, तो निरीक्षकापर्यंत आला. म्हणजे तालुक्याच्या ठाण्यालाही हे काम शिकणे भाग पडले.

प्रमाणपत्र खरोखर अनिवार्य काय, याविषयी मात्र न्यायालयांचा मार्ग सरळ नव्हता. २००५ साली संसदेवरील हल्ल्याच्या खटल्यात, प्रमाणपत्राविनाही दूरध्वनीच्या नोंदी अन्य मार्गाने सिद्ध करता येतील, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. २०१४ मध्ये अन्वर विरुद्ध बशीर या खटल्यात ते मत बाजूस सारून प्रमाणपत्र आवश्यक ठरविण्यात आले. २०१८ मध्ये दोन न्यायाधीशांच्या पीठाने पुन्हा सवलत दिली. या तेरा वर्षांत तपासणाऱ्या अधिकाऱ्याला नेमके काय करावे हे निश्चित सांगता येत नव्हते, आणि इंदूरचे प्रकरण नेमके याच काळात उभे राहिले.

३

आता त्या हार्ड डिस्ककडे परत येऊ. व्यापमच्या परीक्षांत गैरप्रकाराच्या दोन-तीन रीती होत्या. एक, तोतया परीक्षार्थी. दुसरी, जिला बोलीभाषेत ‘इंजिन-बोगी’ म्हणत: बैठकक्रमांक असे लावायचे की हुशार परीक्षार्थी पुढे आणि पैसे भरलेला त्याच्या मागे वा शेजारी यावा. तिसरी, उत्तरपत्रिकेतील वर्तुळे कोरी सोडायची आणि ती मागाहून भरून घ्यायची. दुसऱ्या व तिसऱ्या रीतीला मंडळाच्या कार्यालयातील संगणकावर बसणाऱ्या माणसाचे साहाय्य लागत असे. म्हणून जुलै २०१३ मध्ये इंदूर पोलिसांनी तेथील हार्ड डिस्क ताब्यात घेतली. ऑगस्टअखेर तपास विशेष कृती दलाकडे गेला, आणि ९ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने केंद्रीय अन्वेषण विभागाकडे.

मध्यंतरी, २०१५ च्या आरंभी, एक पेन ड्राइव्ह पुढे आला. त्यातील यादी हीच त्या डिस्कमधील मूळ यादी असून जप्तीनंतर नावे बदलण्यात आली, असा आरोप झाला. एकाच यादीच्या दोन प्रती आणि दोन्ही डोळ्यांना सारख्याच खऱ्या दिसणाऱ्या! मोडी कागद असता तर शाई, कागद, हस्ताक्षर यांवरून जाणकाराने निवाडा केला असता. येथे निवाडा प्रयोगशाळेतच होणे शक्य होते. केंद्रीय अन्वेषण विभागाने ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस भोपाळच्या विशेष न्यायालयात ४९० जणांवर आरोपपत्र ठेवले. त्या वेळी हैदराबादच्या केंद्रीय न्यायसहायक प्रयोगशाळेतील तपासणीचा हवाला देऊन, जप्त डिस्कमध्ये आरोपात सांगितलेल्या नोंदी नव्हत्या व पेन ड्राइव्हमधील मजकूर विश्वासार्ह नाही, अशी भूमिका विभागाने मांडली.

या भूमिकेचे राजकीय फलित काय, हा माझा विषय नव्हे. मला वाटते ते असे: डिस्क हाती पडली त्याच क्षणी, त्याच खोलीत, पंचांसमक्ष तिची अंकमुद्रा काढून पंचनाम्यात लिहिली जाते, तेव्हा अशा वादाला पुढे फारशी जागा उरत नाही. अंकमुद्रा म्हणजे ज्याला ‘हॅश मूल्य’ म्हणतात ते. डिस्कमधील साऱ्या मजकुरावर एक ठराविक गणिती क्रिया केली की ठराविक लांबीची अक्षरांची माळ मिळते. सध्या रूढ असलेल्या ‘एसएचए-२५६’ या पद्धतीत ती ६४ चिन्हांची असते. मजकुरातील एक स्वल्पविराम बदलला तरी सारी माळ बदलते. पाच वर्षांनी तीच क्रिया पुन्हा केली आणि तीच माळ आली, तर मधल्या काळात डिस्कमध्ये काही शिरले नाही, काही गेले नाही, असे खात्रीने म्हणता येते. मोडी पत्रावरील मोर्तबेचेच हे कार्य आहे. माळही मजकूर खरा आहे असे सांगत नाही, जप्त केला तेव्हा होता तसाच तो आहे, एवढेच सांगते.

याच प्रकरणाची एक शाखा विद्यार्थ्यांच्या अधिक जवळची आहे. २००८ ते २०१२ या वर्षांतील प्रवेशांची मंडळाने फेरतपासणी केली. बैठकक्रमांकांची रचना आणि शेजाऱ्यांच्या उत्तरांतील साम्य संगणकावर ताडून पाहिले गेले. दोन हुशार मुलांची बरोबर उत्तरे जुळणे स्वाभाविक आहे. पण शेजारी बसलेल्या दोघांची चुकीची उत्तरेही तीच यावीत, आणि ती मोठ्या संख्येने, हे योगायोगाने घडत नाही. १३ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा ६३४ विद्यार्थ्यांचे प्रवेश रद्दच राहतील असा निर्णय दिला. त्यांतील कित्येकांचा अभ्यासक्रम पुरा होत आला होता वा झाला होता. त्यांची कीव येणे साहजिक आहे. परंतु त्या प्रत्येक जागेमागे कोणी एक मुलगा वा मुलगी होती, जिने एखाद्या लहान गावच्या शाळेतून रात्री जागून अभ्यास केला आणि जिचे नाव यादीत आले नाही. तिला आपले काय चुकले हे कधी कळले नाही. हार्ड डिस्क बोलली ती तिच्या वतीने.

४

प्रमाणपत्राच्या वादाचा निकाल अखेर महाराष्ट्रातील एका प्रकरणाने लागला, आणि तेही फौजदारी नव्हते. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा २९६ मतांनी विजयी झाले. २७ सप्टेंबर २०१४ रोजी उमेदवारी अर्ज भरण्याची वेळ दुपारी तीनला संपत होती, आणि विजयी उमेदवाराचा अर्ज त्यानंतर घेतला गेला, असा आक्षेप होता. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीत चित्रीकरण झालेले होते. म्हणजे घड्याळाचा प्रश्न कॅमेऱ्याने सोडवावयाचा होता. प्रमाणपत्र मात्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्याची तोंडी जबानी ग्राह्य धरून २०१७ मध्ये निवडणूक रद्द केली.

१४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने अपील फेटाळताना तत्त्व पक्के केले. मूळ यंत्रच न्यायालयात आणून त्याच्या मालकाने साक्ष दिली तर प्रमाणपत्र नको. प्रत दिली तर प्रमाणपत्र हवेच. ज्याच्या हाती यंत्र आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर ते देण्याचा हुकूम न्यायालयाने करावा. आणि ज्याने मिळविण्याची सर्व खटपट केली, त्याला दुसऱ्याच्या नकाराची शिक्षा होऊ नये. जालन्याच्या कचेरीतील एका दुपारच्या चित्रफितीने अशा रीतीने साऱ्या देशातील पोलीस ठाण्यांचा शिरस्ता ठरविला.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्याच्या ६३ व्या कलमाखालील प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. पहिला यंत्राच्या ताबेदाराने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि त्यात हॅश मूल्य लिहावयाचे. सोबतच आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण सक्तीचे केले. जप्त केलेले इलेक्ट्रॉनिक उपकरण कोणाकोणाच्या ताब्यातून गेले तो क्रमही तपासाच्या अहवालात नोंदवावा लागतो. साठ वर्षांपूर्वी मुंबईत राहून गेलेली लाखेची मोहोर अशा प्रकारे कायद्याच्या कलमात उतरली.

५

मग आज एखाद्या ठाण्याचा अधिकारी काय करतो? चालू संगणकाशी तो चाळा करीत नाही. पडद्यावर काय दिसते त्याचे चित्र घेतो. मोबाईल जप्त केला तर तो जाळ्यापासून तोडतो, नाहीतर दूर बसलेला माणूस त्यातील मजकूर पुसून टाकू शकतो. डिस्क केवळ वाचू देणाऱ्या, लिहू न देणाऱ्या उपकरणातून तिची हुबेहूब प्रत काढली जाते आणि तपासणी त्या प्रतीवर होते. मूळ वस्तू मोहोरबंद होऊन मालखान्यात राहते. कोणी, केव्हा, कशासाठी ती बाहेर काढली, याची ओळ वहीत पडते. सागरच्या राज्य प्रयोगशाळेकडे ती पाठविली तर पावती परत येते. यातले एकही काम तेजस्वी म्हणावे असे नाही. वही भरणे, वेळ लिहिणे, सही घेणे, हीच ती कामे.

पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी झालेल्या हल्ल्यात ९४ कोटी ४२ लाख रुपये गेले. अठ्ठावीस देशांतील यंत्रांतून बनावट कार्डांनी रोकड काढली गेली. हल्ल्याची योजना कोणत्या दूरच्या खोलीत झाली याची चर्चा संयुक्त राष्ट्रांच्या अहवालापर्यंत गेली. पण एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ज्या अकरा जणांना दोषी ठरविले, ते येथील यंत्रांपुढे प्रत्यक्ष पैसे काढावयास उभे राहिलेल्या टोळीतील होते. कॅमेऱ्यातील चेहरा, मोबाईलची नोंद आणि कार्डाची वेळ यांचा मेळ घालीत पोलीस त्यांच्यापर्यंत पोहोचले. सूत्रधारापर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही, ही या शास्त्राची मर्यादा आहे, ती मान्य केली पाहिजे.

या इतिहासातून मला जे दिसते ते थोडक्यात सांगतो. टेप आली तेव्हा आता खोट्याला जागा नाही असे वाटले. संगणक आला तेव्हाही तसेच वाटले. प्रत्येक वेळी असे ठरले की यंत्राला शपथ घेता येत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी माणूस उभा राहतो व म्हणतो, ‘हे माझ्या ताब्यात होते, मी यात काही घातले नाही, काही काढले नाही.’ मोडी पत्रावर मोर्तब करणारा कारकून, टेपेवर मोहोर लावणारा जमादार आणि हॅश मूल्य लिहून खाली सही करणारा अधिकारी ही एकाच परंपरेतील माणसे आहेत. त्यांच्यापैकी एकाने कंटाळा केला वा भिडेस बळी पडला, तर उरलेल्या साऱ्या शास्त्राचा उपयोग होत नाही.

आपण बहुतेक जण पोलीस नाही. परंतु आर्थिक फसवणुकीचा फोन आला तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळविणे आणि लाजेपोटी संदेश पुसून न टाकता ते तसेच ठेवणे, एवढे आपल्या हाती आहे. पंच म्हणून बोलावणे आले तर न वाचता सही न करणे, हेही आपल्याच हाती आहे. पंचनाम्यावर सही करणारे दोन पंच हे कोणत्या ना कोणत्या शाळेत शिकलेले असतात. ‘पाहिले तेवढेच लिहावे, आणि लिहिले त्याखाली नाव घालावे’ हा धडा चौथीच्या निबंधाच्या वहीत मिळतो. तो ज्यांनी आपल्याला दिला, त्यांचे स्मरण करण्यासाठी आपण येथे जमलो आहोत. त्यांना वंदन करून मी आपली रजा घेतो.